समुपदेशन केंद्रात फील्डवर्क लागलंय ना? मग ऐक

तुला वस्तीतलं प्लेसमेंट हवं होतं आणि यादीत नाव निघालं कॉलेजच्या समुपदेशन केंद्रासमोर. ‘ताई, तिथे सगळ्या सायकॉलॉजीवाल्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या. मी एमएसडब्ल्यूची, मी काय करणार तिथे?’ हे तुझं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून फोनवर न बोलता निवांत लिहायला बसले.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तू तिथे पाहुणी नाहीस. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, म्हणजे आजची टिस. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक उघडलं. आपल्या देशात समाजकार्याचं शिक्षण आणि मनाच्या प्रश्नांवरचं काम अगदी सुरुवातीपासून हातात हात घालून चालत आलंय. त्यामुळे ‘हे आपलं क्षेत्र नाही’ असं कुणी म्हणालं तर मान खाली घालू नकोस.

आता माझं म्हणणं. केंद्रात आलेली समाजकार्याची मुलं पहिल्याच आठवड्यात अर्धवट मानसशास्त्रज्ञ व्हायला बघतात. टेबल, दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, आणि ‘तुला कसं वाटतंय?’ बस्स. अगं, वाटण्याबद्दल विचारायलाच हवं, पण तेवढ्यावर थांबायला तुला दोन वर्षं शिकवत नाहीत. समोरच्या पोराचं घर, कॉट बेसिसची खोली, मेसचं बिल, फी, जात, गावाकडची परिस्थिती हे सगळं एकत्र बघायची नजर तुला वर्गात लागलीय. ती केंद्राच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवू नकोस. तुझी खरी गरज तिथे त्या नजरेसाठीच आहे.

एक उदाहरण सांगते. मुलगी ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत. दुसऱ्या वर्षाची मुलगी, मराठवाड्यातून शहरात शिकायला आलेली, आईवडील ऊसतोडीला जाणारे. तासांना बसत नाही म्हणून वर्गशिक्षकांनी चिठ्ठी देऊन केंद्रात पाठवली. चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘डिप्रेशन वाटते’. माझ्याकडे सुपरव्हिजनला असलेल्या विद्यार्थिनीने तिच्याशी बोलून प्रोसेस रेकॉर्डिंग लिहून आणलं. त्यातल्या दोनच ओळी बघ.

ती : घरी सांगितलं तर परत बोलावतील.
मी : असं नसतं गं, आईवडील समजून घेतात.

त्या दुसऱ्या ओळीखाली मी लाल रेघ मारली. वाक्य प्रेमाचंच होतं, पण त्याने मुलीचं बोलणं तिथेच तुटलं. पुढचं अख्खं पान विद्यार्थिनीच बोलतेय आणि मुलगी नुसतं ‘हो’, ‘हं’ करतेय. आम्ही आयसीमध्ये, म्हणजे सुपरवायझरसोबतच्या वैयक्तिक चर्चेच्या तासाला, बसून एवढंच ठरवलं की पुढच्या भेटीत तिथेच परत जायचं: ‘तू मागे म्हणालीस, परत बोलावतील. बोलावलं तर पुढे काय होईल?’ आणि मग थांबायचं. मुलगी बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली, मग म्हणाली, ‘लग्न.’ शिष्यवृत्तीचे पैसे आले नव्हते, खोलीचं भाडं थकलं होतं, म्हणून ती एका दुकानात कामाला लागली होती, म्हणून तास बुडत होते. हे घरी कळलं असतं तर शिक्षण बंद झालं असतं.

शिष्यवृत्तीचं कारण काय निघालं माहितेय? बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं. माझी विद्यार्थिनी तिच्याबरोबर बँकेत गेली, मग शिष्यवृत्ती विभागातल्या कारकुनांपुढे महाडीबीटीचा अर्ज उघडून बसली. वर्गशिक्षकांशी हजेरीबद्दल बोलायचं का, आणि किती सांगायचं, हे मुलीलाच विचारून ठरवलं. झोप, रडू, भीती यावर बोलणं दर आठवड्याला चालूच होतं. पैसे यायला वेळ लागला आणि मधल्या काळात एक परीक्षाही बुडाली, हेही सांगते, नाहीतर तुला वाटेल आधार जोडलं की सगळं सुटतं. पण मुलगी कॉलेजात राहिली.

म्हणून म्हणते, स्वाधार योजना कुणाला मिळते, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला कागद कोणते लागतात, एटीकेटीचे नियम काय, परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत कधी संपते, हे तुला तोंडपाठ हवं. केंद्रातल्या इतरांना कदाचित हे येत नसेल. आणि तुझी गावाकडची बोली लपवू नकोस. तू ज्या मराठीत घरी बोलतेस तीच ऐकून कितीतरी मुलांचा जीव भांड्यात पडेल.

ऐकण्याचं मात्र कष्टाने शिकावं लागेल. ‘टेन्शन घेऊ नको’, ‘एवढं काय मनाला लावून घेतेस’, ‘आईबापाचा विचार कर’ ही वाक्यं आपल्या सगळ्यांच्या तोंडात लहानपणापासून बसलेली आहेत. ती अशी चटकन बाहेर पडतात की आपल्यालाच कळत नाही. त्यासाठीच प्रोसेस रेकॉर्डिंग असतं. मुलं त्याला वैतागतात, शनिवारी रात्री बसून एका भेटीची आठ पानं काढतात. तू तसं करू नकोस. भेट संपली की त्याच दिवशी, तिथेच बसून लिही: ती काय म्हणाली, तू काय म्हणालीस, आणि त्या क्षणी तुझ्या पोटात काय झालं. शेवटचं लिहायला लाज वाटेल. मुलाचा राग आला असेल, कंटाळा आला असेल, स्वतःचं घर आठवून रडू आलं असेल, लिही. फेलिक्स बीस्टेकने १९५७ मध्ये केसवर्कच्या नात्याची सात तत्त्वं मांडली, ती तू परीक्षेसाठी पाठ केलीच असशील. त्यातलं स्वतःच्या भावना ताब्यात ठेवून गुंतायचं तत्त्व पुस्तकातून कळत नाही. ते कळतं आपलंच रेकॉर्डिंग दुसऱ्या माणसासमोर मोठ्याने वाचताना.

त्यामुळे आयसीचा तास सोडायचा नाही. सुपरवायझर फक्त हजेरीवर सही करत असेल तर नम्रपणे पण स्पष्ट सांग की मला एका केसवर बोलायचंय. तरी जमलं नाही तर महाविद्यालयातल्या फील्डवर्क समन्वयकांना लेखी कळव. यात भांडखोरपणा काही नाही. तुझ्यापुढे खरी मुलं बसणार आहेत.

आता अवघड भाग. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यात सगळ्यात वर नाव आपल्या महाराष्ट्राचं. तुझ्यासमोर असं मूल येईल, हे धरूनच चाल. ‘सगळं सोडून जावंसं वाटतं’ असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नकोस. सरळ विचार, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं याने मूल मोकळं होतं. कधीपासून वाटतंय, काही ठरवलंय का, आधी प्रयत्न झालाय का, हेही शांतपणे विचार. आणि उत्तर ऐकून घाबरलीस तरी एक पक्कं लक्षात ठेव: ते ओझं तू एकटीने घरी न्यायचं नाही. मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच्यासमोरच, त्याला सांगून, केंद्राच्या समुपदेशकांना किंवा सुपरवायझरला बोलवायचं. ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ याला ‘नाही’ म्हणू नकोस. पहिल्याच भेटीत सांगून ठेव की इथलं बोलणं इथेच राहतं, पण तुझ्या जिवाला धोका दिसला तर मला मदत घ्यावीच लागेल. अकरावी-बारावीच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. हेही आधीच, साध्या शब्दांत सांग. नंतर सांगितलंस तर मुलाला ती फसवणूक वाटेल, आणि ते बरोबरच असेल.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल प्राध्यापक मंडळी अजून ‘पोलीस केस होईल’ म्हणून दबून बोलतात. त्यांना सांग की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, शिक्षेची भाषा करत नाही. केंद्राच्या दारावर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लाव. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सुट्टीच्या दिवसांत तुझं केंद्र बंद असतं, हे विसरू नकोस.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायची वेळ आली तर नुसती चिठ्ठी देऊन मोकळी होऊ नकोस. सरकारी दवाखान्यात केसपेपर कुठल्या खिडकीवर काढायचा, मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी असते, रांगेत किती वेळ जातो, हे आधी स्वतः जाऊन बघून ये. शक्य असेल तर पहिल्या खेपेला मुलाबरोबर जा. चिठ्ठ्या खिशातच राहतात गं, बरोबर माणूस असला की पाय उचलतो.

हद्दीबद्दल थोडं. तुझ्यात आणि त्या मुलांत वयाचं अंतर दोन-चार वर्षांचं. इन्स्टाग्रामवर रिक्वेस्ट येतील, रात्री मेसेज येतील. स्वतःचा नंबर देऊ नकोस, केंद्राचा दे. कॅन्टीनमध्ये मूल दिसलं तर आपणहून हाक मारू नकोस. ओळख दाखवायची की नाही ते त्याला ठरवू दे, कारण शेजारी उभ्या मित्रांना तो केंद्रात येतो हे माहीत नसेल. आणि केंद्राची खोली कुठेय ते आधी बघ. स्टाफरूमच्या समोर असेल तर मुलं येणारच नाहीत. मग तूच वर्गावर जा, होस्टेलवर जा, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बस.

एक सावधगिरीची गोष्ट. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. निकाल फार चांगला आहे. पण खर्च वाचवायला एखादं कॉलेज फील्डवर्कच्या मुलीलाच त्या खुर्चीत बसवून पाटी लावेल, ही भीती मला मनापासून वाटते. तुला कुणी म्हणालं, ‘मॅडम रजेवर आहेत, तूच बघ सगळ्या केसेस’, तर त्याच दिवशी सुपरवायझरला फोन कर. तू शिकाऊ आहेस, हे मुलांनाही पहिल्या भेटीत सांग. त्याने किंमत कमी होत नाही.

आणि हे आत्ताच डोक्यात ठेव की फील्डवर्क मार्चमध्ये संपेल आणि मुलांची दुखणी मार्चमध्ये संपणार नाहीत. शेवटच्या दिवशी ‘उद्यापासून मी येणार नाही’ म्हणून निघून यायचं नाही. जानेवारीपासूनच सांगायला लाग, मूल रुसेल, येणं बंद करेल, त्यावरही बोल. ज्यांचं काम चालू राहणार आहे त्यांच्यासाठी फेब्रुवारीत एक भेट तिघांची ठेव: ते मूल, तू आणि केंद्राच्या समुपदेशक. तुझ्या फाईलमधलं काय त्यांना सांगायचं आणि काय नाही, हे त्या भेटीआधी मुलाला विचारून लिहून घे.