स्मृतिभ्रंश-शुश्रूषा : वसई-विरारच्या विद्यार्थ्यांसाठी एक विचारणीय व्यवसाय

बारावीचा निकाल हाती पडला की आपल्या वसई-विरारच्या घराघरांतून ‘पुढे काय’ या प्रश्नाची जी घालमेल सुरू होते, तिच्यात वृद्धांच्या शुश्रूषेचे नाव सहसा निघत नाही, आणि निघालेच तर ‘आयाबाईचे काम’ म्हणून पालक ते मोडीत काढतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढील सुमारे ८८ लाख भारतीय स्मृतिभ्रंशग्रस्त असल्याचा अंदाज वर्तविला असताना हा समज विद्यार्थी आणि वृद्ध, दोघांच्याही अहिताचा आहे.

या विकारात अलीकडच्या आठवणी आधी लोपतात. जुन्या आघाताने ठसलेले भय मात्र पुष्कळदा मागे उरते, आणि त्याचे कारण सांगण्याची शक्ती रुग्णापाशी राहिलेली नसते. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत झालेले स्फोट काय किंवा जुलै २०१८ मध्ये वसईच्या मिठागर वस्तीला पडलेला पुराचा वेढा काय, असे प्रसंग सोसलेली माणसे आपल्याच शेजारी म्हातारी होत आहेत. पुराची धास्ती घेतलेली एखादी आजी अंगावर तांब्या ओतताच किंचाळू लागली, तर अजाण मदतनीस तिला हट्टी ठरवून तिचे हात धरून ठेवील. जाणती परिचारिका मात्र समोर येऊन, खाली बसून, ‘आजी, पाणी कोमट आहे, तुम्हीच हात लावून बघा’ असे म्हणेल, पायांपासून सुरुवात करील, आणि नातलगांकडून पूर्ववृत्त समजून घेऊन ते नोंदवहीत लिहील, म्हणजे रात्रपाळीवर येणाऱ्याच्या हातून तीच आगळीक घडणार नाही. आघाताचे भान राखून केलेली शुश्रूषा ती हीच.

मागाहून शिकलेली भाषा ओसरून रुग्ण अनेकदा मायबोलीकडे वळतो. तेव्हा सामवेदी वा वाडवळी बोलणाऱ्या आपल्या मुलामुलींपाशी कोणत्याही पदवीने न मिळणारी पात्रता उपजतच आहे. या पात्रतेला वाव देऊ शकतील असे, राजोडीच्या ‘ए-वन स्नेहांजली’सारखे वृद्धनिवासही आपल्या परिसरात आहेत.

मार्ग अनेक आहेत. एएनएम (साहाय्यक परिचर्या व प्रसूतिविद्या) दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) तीन वर्षांचा, तर बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. समाजकार्याची किंवा मानसशास्त्राची वाटही याच क्षेत्राकडे येते. केवळ अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रावर मिळणारा दरमहा पगार बेताचाच असतो, हे लपविण्यात अर्थ नाही. म्हणून ऐपत असल्यास मान्यताप्राप्त परिचर्या-शिक्षणच घ्यावे, आणि फी भरण्यापूर्वी संस्थेच्या मान्यतेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे खातरजमा करावी.

पालकांस विनंती एवढीच, की अर्ज भरण्याआधी एखाद्या वृद्धनिवासाची रीतसर परवानगी काढून पाल्याला काही दिवस तेथे मदतीस पाठवावे. एकच प्रश्न दहाव्यांदा विचारणाऱ्या वृद्धाला दहाव्यांदाही सौम्य उत्तर देणे ज्याला साधते, त्याला हा व्यवसाय निःशंकपणे निवडू द्यावा.