देवळालीच्या मास्तरांची संख्या

हा धडा नुसता वाचायचा नाही. वाचताना शेजारी एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा. जुन्या वहीचे मागचे पान असले तरी चालेल.

आता चार अंकांची कोणतीही एक संख्या लिहा. चारही अंक सारखे मात्र नकोत. ७७७७ चालणार नाही, ७७७८ चालेल. आपण येथे १९४७ ही संख्या घेऊ. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे, म्हणजे उतरत्या क्रमाने लिहा : ९७४१. मग तेच अंक चढत्या क्रमाने लिहा : १४७९. पहिल्या संख्येतून दुसरी वजा करा. वजाबाकी म्हणजे तुमच्या गणिताच्या पुस्तकातली तफरीक. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा. पाहा :

९७४१ – १४७९ = ८२६२
८६२२ – २२६८ = ६३५४
६५४३ – ३४५६ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

आता ६१७४ चे अंक घ्या. ७६४१ मधून १४६७ वजा करा. उत्तर पुन्हा ६१७४! पुढे कितीही वेळा करा, ही संख्या जागची हलत नाही.

यात १९४७ चे काही विशेष नाही. तुमच्या जन्माचे साल घ्या, दारावरून गेलेल्या रिक्षाच्या क्रमांकाचे चार अंक घ्या. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ पाशी पोहोचाल. (तुमच्या उर्दूच्या वहीत ओळ उजवीकडून सुरू होते. संख्या मात्र तिथेही डावीकडूनच वाचतात. त्यामुळे ६१७४ ला कोणत्याच वहीत अडचण येत नाही.)

ही गोष्ट प्रथम कोणाच्या लक्षात आली? नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांच्या. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले. १९२९ मध्ये पदवीधर झाले आणि १९३० पासून देवळालीच्या शाळेत शिकवू लागले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तिथेच शिक्षक होते. पदवीनंतरचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यांच्याजवळ यंत्र नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. होते ते कागद, पेन्सिल आणि संख्यांचे वेड.

१९४९ साली मद्रासला गणिताची परिषद भरली होती. तेथे त्यांनी ६१७४ ची ही गंमत सांगितली. आज जगभर या संख्येला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. स्थिरांक म्हणजे न बदलणारी संख्या. पण हे नाव लगेच मिळाले नाही. आपल्या देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे फारसे लक्ष दिले नाही. अंकांची उलटापालट हा त्यांना पोरखेळ वाटला. कापरेकर मास्तर आपल्या पुस्तिका स्वतःच छापून घेत. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले. तेव्हा कुठे देवळालीचे नाव दूरदूरच्या गणितप्रेमींना कळले. त्या वेळी मास्तर सत्तर वर्षांचे होते आणि निवृत्तिवेतन पुरत नाही म्हणून शिकवण्या घेत होते. १९८६ मध्ये ते वारले.

पोरखेळ म्हणणाऱ्यांचे अगदीच चुकले होते असे नाही. हा खेळच आहे. फक्त खेळ संपल्यावर एक प्रश्न मागे उरतो : असे का होते? त्या प्रश्नाकडे आपण येऊच. आधी थोडे संगणकाकडे वळू.

हल्ली ‘कोडिंग’ हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. घरी संगणक नाही, मग कोडिंग कसे शिकणार, असे तुमच्यापैकी कितीतरी जणांना वाटत असेल. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा एका मोबाइलवर तीन-तीन भावंडांचा अभ्यास चालला होता. मोबाइलची पाळी येईपर्यंत बाकीच्यांनी काय करायचे? कोडिंगचा पहिला भाग तरी कागदावरच शिकायचा असतो. कोडिंग म्हणजे संगणकाला समजेल अशा भाषेत, एकापुढे एक सूचना लिहिणे. अशा क्रमवार सूचनांना इंग्रजीत ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी नावाचे मोठे विद्वान होते. भारतीय अंकांनी हिशोब कसा करावा, हे त्यांनी एका पुस्तकात समजावून सांगितले. ते पुस्तक युरोपात लॅटिन भाषेत गेले, तेव्हा त्यांच्या नावाचा उच्चार बदलत बदलत ‘अल्गोरिदम’ झाला. त्यांच्याच दुसऱ्या एका पुस्तकाच्या नावातील ‘अल-जब्र’ या शब्दावरून ‘अल्जिब्रा’, म्हणजे आपले बीजगणित, हे नाव पडले.

तर आता एक अल्गोरिदम लिहा. घरातल्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला संगणक बनवा. वजाबाकी येत असली की पुरे. अट एकच : त्याने स्वतःचे डोके चालवायचे नाही. कागदावर जे लिहिले असेल तेच आणि तेवढेच करायचे. तुम्ही कागदावर लिहिले : ‘दिलेल्या संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिही. तेच अंक चढत्या क्रमाने लिही. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा कर. उत्तर ६१७४ आले तर थांब. नाहीतर उत्तर घेऊन पुन्हा पहिल्यापासून कर.’

त्याला १९४७ द्या. काम सुरळीत होईल. मग २१११ द्या. २१११ वजा १११२ बरोबर ९९९. आता तुमचा ‘संगणक’ ९९९ चे अंक उतरत्या क्रमाने लिहील : ९९९. चढत्या क्रमाने लिहील, तरी ९९९. वजाबाकी शून्य! मग शून्यातून शून्य, पुन्हा शून्यातून शून्य. ६१७४ कधी येणारच नाही. आणि तुम्ही थांबायला सांगितलेले नाही, म्हणून बिचारा जेवायची वेळ झाली तरी शून्यातून शून्य वजा करीत बसेल.

चूक कोणाची? करणाऱ्याची नाही. सूचना अपुरी होती. ‘उत्तर चार अंकांपेक्षा कमी आले तर पुढे शून्य लावून चार अंक पुरे कर’ एवढे एक वाक्य राहून गेले होते. ते वाक्य घाला आणि पुन्हा पाहा : ०९९९ पासून ९९९० – ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि शेवटी ६१७४. संगणकाचे काम करणाऱ्या माणसांचा बराचसा वेळ अशी राहून गेलेली वाक्ये शोधण्यातच जातो. एक वाक्य अजूनही राहिलेच आहे. कोणी ७७७७ दिले तर काय करायचे, ते तुम्हीच लिहा.

आता तो मागे उरलेला प्रश्न : असे का होते? चार अंकांचे कारण शोधायला लांबची वाट आहे, म्हणून आधी तीन अंकांचे पाहू. ३५२ घ्या. ५३२ वजा २३५. नीट पाहा, मधला ३ दोन्हीकडे मध्येच आहे. तो आपोआप उडतो. उरले ५ आणि २. ५ शतकाच्या घरातून एककाच्या घरात गेला आणि २ एककातून शतकात. म्हणून उत्तर म्हणजे ३०० वजा ३, अर्थात ९९ ची तिप्पट, २९७. ही ३ कोठून आली? सर्वांत मोठा अंक ५ आणि सर्वांत लहान २ यांच्यातील फरक. हा फरक १ पासून ९ पर्यंतच असू शकतो. म्हणून कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊच उत्तरे शक्य आहेत : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. यांतही १९८ आणि ८९१ चे अंक तेच आहेत, २९७ आणि ७९२ चेही तेच. तेव्हा तपासायचे किती उरले? पाचच. आणि ती पाचही एका साखळीत येतात :

९९० – ०९९ = ८९१
९८१ – १८९ = ७९२
९७२ – २७९ = ६९३
९६३ – ३६९ = ५९४
९५४ – ४५९ = ४९५

पुढे ४९५ चे ४९५ च राहते. म्हणजे तीन अंकांचा शेवटचा मुक्काम ४९५, आणि तो नेहमीच तोच असणार. शंभर संख्या करून पाहिल्या तर आपल्याला फक्त ‘बहुधा’ असे म्हणता येते. वरच्या पाच ओळींनंतर ‘नेहमीच’ म्हणता येते. गणितात यालाच सिद्धता म्हणतात. चार अंकांसाठी हीच युक्ती वापरली तर पहिल्या वजाबाकीनंतर ५४ उत्तरे शक्य असतात. सुटीचे दोन दिवस आणि एक आते-मामे भावंड हाताशी असेल तर ती सगळी तपासून होतात.

दोन अंकांना मात्र मुक्कामच नाही. ९० घेऊन पाहा : ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि फिरून ८१. गोल गोल फिरणे चालूच. पाच अंकांच्या संख्याही अशाच फेऱ्यांत अडकतात. त्यांच्या फेऱ्या तीन आहेत. ५३९५५ पासून सुरुवात केलीत तर त्यांतली सर्वांत लहान फेरी हाती लागेल.

कापरेकर मास्तरांनी आपल्या गावाचे नावही काही संख्यांना दिले : देवळाली संख्या. त्या अशा शोधायच्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतली तर २३ + २ + ३ = २८. म्हणजे २८ ला जन्म देणारी संख्या २३. आता विचारा, २० ला जन्म देणारी संख्या कोणती? शोधून सापडत नाही, कारण ती नाहीच. ० ते ९ पर्यंतच्या संख्या घेतल्या तर उत्तरे सम येतात आणि १८ ला थांबतात. १० ते १९ पर्यंतच्या घेतल्या तर सगळी उत्तरे विषम येतात, ११ पासून २९ पर्यंत. २० पासून पुढे पुन्हा सम, पण ती २२ पासून सुरू होतात. मध्ये २० एकटीच राहून गेली. ज्यांना जन्म देणारी संख्या नाही, त्या देवळाली संख्या.

शंभराच्या आत अशा तेरा संख्या आहेत. १, ३, ५, ७, ९ आणि २० या सहा झाल्या. उरलेल्या सात तुमच्या वहीत शोधा. एक खूण सांगतो : २९ आणि ३३ यांच्या मध्ये पाहा.