पिसे झडली म्हणून कोंबडी विकू नका



थंडीत कोंबडीची पिसे झडली, अंडी थांबली, की तिला कळंबचा बाजार दाखवावासा वाटतो. थांबा! दिवस लहान झाला की कोंबडी जुनी पिसे टाकते. हा रोग नव्हे. पिसांत शेकडा ८५ भाग प्रथिने असतात. आम्ही खोडव्याला खत द्या म्हणतो, तसाच हिलाही खुराक हवा. सोयाबीन भाजून, भरडून दाण्यात मिसळा, कच्चे नको. खुराड्यात कोरडे पाचट अंथरा. वाऱ्याच्या बाजूला बारदान लावा, वरची फट मात्र मोकळी ठेवा. नवी पिसे दुखरी असतात, उगीच हाताळू नका. मान वाकडी किंवा हिरवी हगवण दिसली, तर मानमोडी असू शकते. लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. एरवी दोन-तीन महिने धीर धरा, कोंबडी पुन्हा अंड्यावर येईल.