विशेषनामांची व्युत्पत्ती : 'पंजाबराव' आणि 'गुलाबराव'

विशेषनामांच्या व्युत्पत्तीचा विचार आपण वऱ्हाडातील दोन परिचित नावांपासून सुरू करू. डॉ. पंजाबराव देशमुख (जन्म १८९८, पापळ) आणि संत गुलाबराव महाराज (जन्म १८८१, लोणी टाकळी) हे दोघेही अमरावती जिल्ह्यातले.

ही नावे संस्कृत नाहीत म्हणून त्यांना परकी ठरविण्याची घाई करू नका. अचलपूरची इमादशाही, पुढे मोगल आणि निजाम यांच्या राजवटींत वऱ्हाडच्या बोलीत फारसी शब्द मुरले. फारसीत 'पंज' म्हणजे पाच आणि 'आब' म्हणजे पाणी. ही पदे संस्कृत 'पंच' व 'अप्' यांची भावंडेच होत. 'गुलाब' या शब्दातही तेच 'आब' आहे. 'गुल' म्हणजे फूल. 'गुलाब' म्हणजे मुळात फुलांचे सुगंधी पाणी. मराठीत अर्थ फुलाकडे सरकला आणि पाण्याचा विसर पडला. 'गुलाबपाणी' म्हणताना आपण पाणी दोनदा मागतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही! 'राव' मात्र 'राजन्' या शब्दापासून प्राकृतमार्गे आला.

अशी द्विपदी नावे जर्मानिक भाषांतही विपुल आहेत. 'फ्रेडरिक' या नावात पूर्वपदाचा अर्थ शांतता, उत्तरपदाचा सत्ताधीश. हे उत्तरपद जर्मानिक भाषांनी केल्टिकमधून घेतले असून त्याचे मूळ आणि 'राजन्'चे मूळ एकच आहे. म्हणजे फ्रेडरिकमधील 'रिक' आणि आपला 'राव' दूरचे नातलग ठरतात.

मात्र व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते, नाव ठेवणाऱ्याचा हेतू नव्हे. 'पाच नद्यांचा राजा' असा विग्रह करून पंजाबरावांच्या आईवडिलांच्या मनात शिरता येणार नाही. जुन्या जर्मानिक समाजातही कधी वडिलांच्या नावातले एक पद आणि आईच्या नावातले दुसरे जोडून अपत्याचे नाव केले जाई. दोहोंचा मिळून अर्थ लागावा, अशी अपेक्षा नसे.

याउलट शेंडगावच्या देबूजींना लोकांनी हातातल्या गाडग्यावरून 'गाडगेबाबा' म्हटले. तेथे अर्थ हेच नावाचे कारण आहे. अकोल्यात मात्र १९६९ साली स्थापन झालेल्या पंजाबराव कृषी विद्यापीठाला लोक 'पीकेव्ही' म्हणतात. त्यातल्या 'पी'मध्ये ना पाच उरले, ना पाणी.

स्वाध्याय : आपल्या गावातील 'राव'कारान्त पाच नावे घेऊन त्यांची पदे वेगळी करा. प्रत्येक पदाचे मूळ सांगा आणि नाव ठेवण्याचे कारण घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून स्वतंत्रपणे नोंदवा.