लढतीचे खेळ आणि हरण्याचा अभ्यास

व्हिडिओ गेमचा विषय स्मरणिकेत कशाला, असा प्रश्न काही ज्येष्ठ सभासदांना पडेल. एके काळी आम्हालाही तो पडला असता. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अकरावीतला आमचा भाचा लढतीच्या खेळात ओळीने सतरा सामने हरला. त्याने कंट्रोलर गादीवर आपटला आणि म्हणाला, "मामा, आपल्याला नाही जमायचं हे." पुढे दोन महिन्यांनी गणिताच्या चाचणीचा पेपर हाती आला, तेव्हा तो हेच वाक्य याच सुरात बोलला. तेव्हा मात्र आम्ही सावध झालो. खेळात लागलेली सवय अभ्यासात उतरायला वेळ लागत नाही. म्हणून या विषयाचा थोडा विचार करू.

खेळाचे स्वरूप

पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर शक्तीची पट्टी असते. ज्याची पट्टी आधी संपेल तो डाव हरला. बहुधा तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी होतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली आणलेल्या 'स्ट्रीट फायटर २' मुळे हा प्रकार जगभर पसरला. आमच्या पिढीने तो व्हिडिओ पार्लरमध्ये नाणे टाकून खेळला. १९९४ साली 'टेकन' आला.

क्रिकेटमध्ये हरलो तर खेळपट्टीला किंवा नाणेफेकीला दोष देता येतो. पत्त्यांत हात वाईट आला म्हणता येते. येथे तशी सोय नाही. दोघेच खेळाडू, आणि हरणारा एकटा. म्हणून नवख्याला हा पराभव फार लागतो.

नवखा का हरतो?

या खेळात एका सेकंदाचे साठ भाग असतात. त्यांना फ्रेम म्हणतात. प्रत्येक फटक्याचे तीन टप्पे असतात: हात निघण्याचा, लागण्याचा आणि मागे येण्याचा. साधा जलद ठोसा साधारण चार फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला सुमारे पाव सेकंद, म्हणजे पंधरा फ्रेम लागतात. सबब, ठोसा पाहून अडवणे कोणालाच शक्य नाही. निष्णात खेळाडूही ते करीत नाही. तो आधीच अंदाज बांधून बचाव धरून बसतो.

याउलट उडी मारलेला योद्धा पाऊण सेकंदाच्या आसपास हवेत असतो, आणि 'स्ट्रीट फायटर'मध्ये त्याला सहसा हवेत दिशा बदलता येत नाही. ती उडी पाहून उत्तर देता येते. नवखा मात्र सारखा उड्या मारतो आणि प्रत्येक वेळी खाली येताना मार खातो. त्याला वाटते, समोरच्याचा हात फार चपळ आहे. खरे पाहता समोरच्याला काय पाहायचे आणि काय पाहायचे नाही, एवढेच ठाऊक असते. ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

अभ्यासाची रीत

भाच्याबरोबर बसून आम्ही एक वही केली. त्यातून पुढील गोष्टी ध्यानात आल्या.

१) एकच योद्धा निवडावा. रोज नवा निवडणारा रोज पहिल्या पायरीवर राहतो.

२) एका दिवशी एकच गोष्ट साधावी. आज फक्त उडी मारणाऱ्याला खाली पाडायचे. सामना हरला तरी दहापैकी चार उड्या अडवल्या, तर वहीत चार लिहायचे. उद्या पाच होतात का, ते पाहायचे.

३) सरावाची सोय वापरावी. २०२३ साली आलेल्या 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये समोरच्या बाहुल्याला एखादी चाल शिकवून ठेवता येते आणि ती हवी तितक्या वेळा करवून घेता येते. ज्या चालीने हरलो तीच पुन्हा पुन्हा समोर आणावी.

४) हरलेल्या सामन्याचे चित्रण पाहावे. "तो फार भारी होता" हे उत्तर नव्हे. "त्याची मोठी चाल आपण अडवली, त्याचा हात मागे येत होता, आणि तरी आपण गप्प उभे राहिलो," हे उत्तर होय.

५) हिशोब समजून घ्यावा. ऑनलाइन क्रमवारीत साधारण तुल्यबळ खेळाडूंची जोडी लावली जाते. आपण सुधारलो की पुढचा प्रतिस्पर्धीही वरच्या दर्जाचा मिळतो. म्हणजे पुष्कळ सुधारूनही निम्म्याच्या आसपास सामने हरायचेच आहेत. केवळ जय-पराजय मोजणाऱ्याला आपली प्रगती कधीच दिसत नाही.

६) राग आला की उठावे. रागाने खेळलेला सामना सराव नव्हे.

बँकेत नवे असताना नोटा मोजताना आमची अशीच त्रेधा होत असे. शेजारचे जुने रोखपाल म्हणाले होते, "आधी बरोबर मोजा, वेग मागून येतो." खेळातील कॉम्बो, म्हणजे फटक्यांची साखळी, हिलाही तेच लागू पडते.

दोन उदाहरणे

जपानचे दाइगो उमेहारा यांनी २००४ साली अमेरिकेतील 'इव्हो' स्पर्धेत, शक्तीची पट्टी जवळजवळ संपलेली असताना, जस्टिन वाँग यांचे पंधरा फटके एकामागोमाग अचूक परतवले आणि तो सामना जिंकला. तो प्रसंग जगभर गाजला. परंतु त्या वर्षी त्या खेळाचे विजेतेपद त्यांना मिळाले नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे त्यांनी स्पर्धा सोडून काही काळ वृद्धांच्या शुश्रूषेचे काम केले, मग परत आले आणि २००९ व २०१० साली 'स्ट्रीट फायटर ४' मध्ये 'इव्हो' जिंकले.

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियाचे किम ग्वान-वू यांचे. २०२३ साली हांगझो येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी 'स्ट्रीट फायटर ५' चे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्यांचे वय ४४ होते. चपळाई हेच सर्वस्व असते तर हे घडले नसते.

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, दिवसभर खेळत बसा असे आमचे सांगणे नाही. खेळाला वेळेची मर्यादा हवीच. सांगणे इतकेच की "जमत नाही" हे वाक्य अपुरे आहे. काय जमत नाही, कोणत्या पायरीवर अडते, हे लिहिले की वाक्य पूर्ण होते, आणि मग त्यावर काम करता येते.

आमचा भाचा अजूनही पुष्कळ सामने हरतो. परवा मात्र त्याने गणिताचा पेपर गादीवर टाकला नाही. तो वही घेऊन बसला आणि चुकलेल्या सात उदाहरणांपुढे कोणती पायरी चुकली ते लिहू लागला. त्यांपैकी चार ठिकाणी चूक एकच निघाली.