विरजण म्हणजे दही नव्हे

पाडव्याच्या आधीचे पंधरा दिवस श्रीखंड करणाऱ्याला झोप नसते. वारणेच्या श्रीखंडानं चव लावलेला हा कोल्हापूर जिल्हा. आमच्यासारख्या गोकुळ शिरगावच्या छोट्या डेअरीलाही त्या दिवसांत चक्का पुरत नाही. त्या वर्षी मी पहिल्यांदाच कल्चर वितरकाऐवजी थेट युरोपातून मागवलं. गोठवून सुकवलेल्या जिवाणूंची पाकिटं, उणे १८ अंशांत ठेवायची. माल मुंबईत उतरला आणि तिथंच अडला.

इन्व्हॉइसवर वर्णन होतं, 'दह्यासाठी खाद्य घटक'. एवढंच. सीएचएनं, म्हणजे कस्टम्स एजंटनं, बिल ऑफ एंट्री भरली जकातीच्या यादीतल्या ३००२ या शीर्षकाखाली. कस्टम्सनं विचारलं, वर्णन खाद्यपदार्थाचं, लेबलवर पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन, मग हे औषधांच्या प्रकरणात कसं? हे २१०६, म्हणजे इतरत्र न बसणारी खाद्यमिश्रणं, का नाही? तिथला कर कित्येक पटींनी जास्त. प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्या कागदांत नव्हतं.

माझ्याच डोक्यात गोंधळ होता. सासूबाई रोज रात्री कोमट दुधात चमचाभर दही घालतात. त्यांचं विरजण म्हणजे कालचं दहीच. त्यामुळे कल्चर म्हणजे दह्याचाच कुठलातरी प्रकार, असं मी धरून चालले होते. जकातीच्या हिशेबात मात्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लागलेलं दही, ताक, केफिर ०४०३ मध्ये. ज्यांच्यामुळे ते लागतं ते जिवंत जिवाणू ३००२ मध्ये, लसींच्या शेजारी, कारण त्या शीर्षकातच 'सूक्ष्मजीवांची संवर्धनं, यीस्ट वगळून' असे शब्द आहेत. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपांत तर दही आणि केफिरसाठी लागणाऱ्या लॅक्टिक विरजणांचा थेट उल्लेख आहे, आणि त्यात थोडं दूध असलं तरी ती तिथंच राहतात असंही म्हटलंय. हे पान आधी वाचलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते.

माल्टोडेक्स्ट्रिनचं उत्तर पुरवठादाराकडून मागवावं लागलं. वजनात ते जास्त असतं खरं, पण ते जिवाणूंना सांभाळणारं वाहक. पाकिटाचं काम जिवाणू करतात. म्हणून पहिल्याच ऑर्डरीबरोबर पुरवठादाराचं पत्र घ्या. त्यात जिवाणूंची पूर्ण नावं, ग्रॅममागे जिवंत पेशी किती, वाहक कशासाठी, आणि पाकीट थेट खाण्यासाठी नसून दूध विरजण्यासाठी आहे, हे सगळं यावं. इन्व्हॉइसवरही तेच शब्द हवेत. चीजसाठी रेनेट मागवत असाल तर त्याची ओळ वेगळी ठेवा. ते एन्झाइम, ३५०७ मध्ये जातं. यीस्ट असलेलं केफिर-कल्चर असेल तर आधी सल्ला घ्या, कारण यीस्ट २१०२ मध्ये आहे आणि मिश्रणाचा निकाल सोपा नसतो.

जुन्या फायलीतला कोड उचलू नका. पूर्वी हा माल ३००२ ९० खाली यायचा. १ जानेवारी २०२२ पासून ३००२ ४९ खाली येतो. नावांचंही तसंच. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची (जीनस) फोड झाली, आणि जुना 'लॅक्टोबॅसिलस केसाय' आता 'लॅक्टिकेसिबॅसिलस केसाय' झाला. इन्व्हॉइसवर एक नाव आणि एफएसएसएआयच्या कागदावर दुसरं असेल तर जुनं-नवं दोन्ही लिहून द्या.

सगळ्यात मोठी चूक होता होता राहिली. पाडवा तोंडावर, म्हणून मी म्हटलं, २१०६ चा कर भरून टाकू, रिफंड मागू नंतर. कोल्हापुरातल्या आमच्या करसल्लागारांनी फोनवरच थांबवलं. "वहिनी, भरलं की ते तुमचंच स्वयंनिर्धारण ठरतं." आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये हेच सांगितलंय: निर्धारण बदलून घेतल्याशिवाय नुसता रिफंडचा अर्ज चालत नाही. वाद असेल तर कलम १८ खाली तात्पुरतं निर्धारण मागा, बाँड आणि तारण देऊन माल सोडवा. निर्णय विरुद्ध गेलाच तर कारणांसह लेखी आदेश मागा आणि साठ दिवसांत अपील करा. आम्ही बाँड दिला. पुढे पत्र आणि टिपा पाहून ३००२ मान्य झालं.

नेहमी आयात करणार असाल तर मुंबईत कस्टम्सचं अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. माल मागवण्याआधी अर्ज करून वर्गीकरण ठरवून घेता येतं आणि तो निर्णय अर्जदारावर व कस्टम्सवर बंधनकारक असतो. छोट्या डेअरीला फी जड वाटते, पण कोल्ड स्टोरेजच्या भाड्यापुढे ती काहीच नाही.

माल सुटला तो पाडवा झाल्यावर. सणाचा चक्का वितरकाकडून महाग कल्चर घेऊन लावला. सुटलेल्या पाकिटांची प्रत्येक खेप मी आधी दोन लिटर दुधात लावून आम्लता मोजली. तीन खेपा उशिरा लागल्या, त्या श्रीखंडात वापरल्या नाहीत. उरलेल्या अक्षय्य तृतीयेच्या श्रीखंडाला वापरल्या, आणि तो चक्का नीट बांधला गेला.