तळ्यातल्या गाळाची अळी-चाचणी: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

गाळ तपासायचा म्हटलं की आधी रासायनिक अहवाल येतो. शिसं किती, कॅडमियम किती, तेलाचा अंश किती हे त्यातून कळतं. त्या गाळात जीव जगेल का, हे कळत नाही. सल्फाइड भरपूर असलं तर बरेचसे धातू त्याला बांधलेले राहतात आणि तळाच्या जिवांना फारसे बाधत नाहीत. उलट, प्रत्येक द्रव्य मर्यादेत असूनही सगळ्यांचा एकत्रित मारा जीवघेणा ठरू शकतो. म्हणून त्याच गाळात कायरोनोमसच्या लाल अळ्या सोडतात. मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळतात त्याच जातकुळीतल्या या अळ्या. अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या कमी प्राणवायूच्या चिखलातही तग धरतात, त्यामुळे त्या मेल्या तर कारण गंभीर समजावं.

कोटेशन मागताना नुसतं ‘बायोअसे’ लिहू नका. आपल्याकडे सांडपाण्यासाठी माशांची चाचणी ठरलेली आहे (100 टक्के सांडपाण्यात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जगायला हवेत), आणि तिचाच दर हाती पडू शकतो. अळ्यांची 48 तासांची चाचणीही स्वस्त वाटेल, पण ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 235 क्रमांकाची ही पद्धत फक्त पाण्यातली आहे, तिच्यात गाळ नसतोच. ‘प्रत्यक्ष जागेवरच्या गाळाची, 10 दिवसांची, जगणं आणि वाढ मोजणारी कायरोनोमस चाचणी’ असं स्पष्ट लिहा.

खर्च कुठे जातो ते अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) 2000 सालच्या पद्धतीवरून कळतं. एका नमुन्याचे 8 बीकर, प्रत्येकात 100 मिलिलिटर गाळ, वर 175 मिलिलिटर पाणी आणि 10 अळ्या. तापमान 23 अंश, रोज खाणं, रोज पाणी बदलणं. तुमच्या तळ्यावरच्या 3 जागा, तुलनेसाठी स्वच्छ तळ्यातला एक नमुना आणि प्रयोगशाळेचा स्वतःचा (दूषित नसलेल्या गाळाचा) कंट्रोल धरला तर 40 बीकर आणि 400 अळ्या होतात. म्हणजे बिल मुख्यतः माणसांच्या कामाचं असतं. दर ‘प्रति नमुना’ असेल तर कंट्रोल आणि तुलनेचा नमुना त्यात धरलाय की वेगळा, हे पहिल्याच फोनवर विचारा. 18 टक्के जीएसटी धरला आहे का, तेही.

ओईसीडी 218 ची 28 दिवसांची चाचणी अर्थातच महाग पडते, कारण अळीची माशी होऊन बाहेर पडण्याच्या काळात रोज मोजणी करावी लागते. शिवाय ती मुळात कृत्रिम गाळात रसायन मिसळून त्या रसायनाचा परिणाम तपासण्यासाठी आखलेली आहे. तळं साफ करायचा निर्णय घ्यायला माझ्या मते 10 दिवसांची पुरते. या अळ्या पाळणाऱ्या बऱ्याच प्रयोगशाळा कीटकनाशकांच्या नोंदणीचं काम जीएलपी (काटेकोर नोंदींची ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’) पद्धतीने करतात. ते सगळं दस्तऐवजीकरण तुम्हाला नको असेल तर बिगर-जीएलपी दर मागा.

काटकसर करायचीच तर जागा कमी करा, बीकर नाही. 8 चे 3 बीकर केले की खरा फरक आणि योगायोग वेगळे काढता येत नाहीत, मग उरलेले पैसेही वायाच जातात. आधी स्वस्त रासायनिक तपासणी करून संशयाच्या जागा निवडाव्यात, हे उत्तम. चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी पाण्यातला अमोनिया मोजायला मात्र सांगाच. सांडपाणी मुरलेल्या गाळात अळ्या कधी नुसत्या अमोनियानेच मरतात आणि दोष धातूंवर जातो.

वर्क ऑर्डरमध्ये एक अट घाला: कंट्रोलमधल्या किमान 70 टक्के अळ्या जगल्या नाहीत तर चाचणी रद्द आणि फेरचाचणी विनाशुल्क. ही मर्यादा पद्धतीतच आहे, त्यामुळे कुठलीही चांगली प्रयोगशाळा ती नाकारणार नाही. कंट्रोलचे आकडे न दिलेला अहवाल स्वीकारू नका.

नमुना प्रत्येक जागेचा किमान 2 लिटर घ्या. भांडं काठोकाठ भरून अंधारात, 4 अंशांच्या आसपास ठेवा, गोठवू नका, आणि पोहोचवण्याचा खर्च आधीच धरा.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारख्या कामातला गाळ शेतात टाकायचा असेल तर मात्र एवढ्यावर थांबू नका. अळी जगली म्हणजे त्या मातीतली भाजी खायला निर्धोक असं ठरत नाही. त्यासाठी धातूंची तपासणी वेगळी करावी लागते, आणि तिचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात राखून ठेवा.